कडी कोण लावतं?

६ जानेवारी २००८, रविवार

आज रंगनाथ खराडीला गेला. एक बॅग, कानटोपी, ट्रान्झिस्टर आणि गुडघ्याला लावायचं तेल, एवढं सामान घेऊन. एप्रिलपर्यंत तिथेच राहणार.

हे कसं घडलं ते नोंदवून ठेवते, म्हणजे पुढे कोणी इतिहासाचा विपर्यास करायला नको. गुरुवारी सावित्रीबाईंच्या जयंतीला माझं भाषण होतं. शेवटी मी म्हणाले, "पुरुषांनो, टाळ्या वाजवता येतात याचा अर्थ हात रिकामे आहेत. त्या हातांत पाळण्याची दोरी घ्या!" सभागृह दणाणलं. घरी येऊन चपला काढते आहे तोच चैतालीचा फोन. बाळंतपणाची रजा संपली, सोमवारपासून ऑफिस. तिची कंपनी अमेरिकेच्या घड्याळावर चालते, त्यामुळे काम दुपारी सुरू होतं आणि रात्री उशिरा संपतं, सुट्टी फक्त रविवारी. जावई अभय महिन्यातले निम्मे दिवस बंगलोरला. त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आणि मित्रा तीन महिन्यांची. पाळणाघरवाले सहा महिन्यांच्या आत घेत नाहीत.

"आई, तू येशील का गं?"

मी म्हणाले, माझी व्याख्यानं ठरलेली आहेत, फेब्रुवारीच्या दहा तारखेपर्यंत. मागे रंगनाथ मफलरची घडी घालत उभा होता. म्हणाला, "मी जातो की."

"तू?"

"तूच म्हणालीस ना मघाशी, दोरी घ्या म्हणून. मी तिसऱ्या रांगेत होतो."

वाद घालायला जागाच नव्हती. हा माणूस आयुष्यभर दारूगोळ्याच्या कारखान्यात होता, पण स्वतः कधी उडाला नाही. अडतीस वर्षांच्या संसारात त्याने माझं एकही भाषण चुकवलं नाही आणि एकाही भाषणावर मत दिलं नाही. लग्नातच आम्ही ठरवलं होतं की दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारायची. त्याच्या आईला तेव्हा चक्कर आली होती. त्याने शांतपणे आईला पाणी दिलं आणि मला म्हणाला, "सुशीला, पंखा लाव."

मला आनंदच आहे. साठी ओलांडलेला पुरुष नातीचे लंगोट धुवायला स्वखुशीने निघतो, हे माझ्या प्रचाराचं फळ आहे. शिवाय घरात आता पूर्ण शांतता. फेब्रुवारीतल्या दहा तारखेच्या व्याख्यानाचा विषय आहे ‘घरातल्या श्रमाची वाटणी’. मन लावून तयारी करणार.

८ जानेवारी, मंगळवार

दोन रात्री झोप नाही. कारण उघड आहे. मंडळाच्या बैठकीत संध्याकाळी दोन कप चहा झाला. पडल्यावर दाराची कडी लावली का ते आठवेना. उठून पाहिलं तर लावली होती. मग गॅसचं बटण. बंद होतं. परत येऊन पडले, तर कडीबद्दल पुन्हा शंका. चहा हा किती कपटी पदार्थ आहे! पाचनंतर चहा बंद.

११ जानेवारी, शुक्रवार

चहा सोडून डोकं दुखलं. झोप नाही ती नाहीच. मी अधिक खोलात जाऊन विचार केला. पहाटे आमच्या मंगळवार पेठेच्या रस्त्यावरून कॉल सेंटरच्या गाड्या माणसं सोडत जातात. म्हणजे प्रश्न माझा वैयक्तिक नाही. जागतिकीकरणाने आधी गिरण्यांची कामं नेली, मग शेतमालाचे भाव नेले, आणि आता ते माझ्या उशाशी येऊन बसलं आहे! वाक्य चांगलं आहे. व्याख्यानात घेते.

त्यात पाण्याची भर. पिण्याचं पाणी पहाटे येतं आणि कधी येतं ते कळत नाही, म्हणून एक कान नळाकडे. रंगनाथला फोन केला.

"पाणी नक्की कधी येतं रे?"

"पहाटे."

"पहाटे म्हणजे?"

"आधी नळ खोकतो. मग उठायचं."

नळ खोकतो! इतकी वर्षं या घरात राहते, मी कधी नळाचा खोकला ऐकला नाही. ही सवय त्याला अलीकडेच लागली असावी.

फोन ठेवताना म्हणाला, "झोपतेस ना नीट?" मी म्हणाले, "उत्तम." मागे मित्रा किंचाळत होती. आवाज माझ्यावर गेला आहे.

१४ जानेवारी, सोमवार

खालच्या मजल्यावर नसीम राहते. तिच्या नवऱ्याचं, अझीमभाईंचं, कसबा पेठेत गाद्यांचं दुकान आहे. आज जिन्यात माझ्याकडे पाहून म्हणाली, "सुशीलाताई, डोळे आहेत की डाळिंबाचे दाणे?" आणि संध्याकाळी काशाची वाटी व तूप घेऊन हजर. तळपायाला तूप लावून वाटीने घासलं की झोप लागते, असं तिच्या सासूबाई सांगायच्या.

मी आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध बोलत आले. पडताळणीशिवाय काही स्वीकारणार नाही. म्हणाले, "फक्त डावा पाय घास. उजवा तसाच ठेव."

"का हो?"

"तुलना करता आली पाहिजे. घासलेल्या पायाची आणि न घासलेल्या."

नसीम वाटी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "ताई, पाय झोपत नसतो, माणूस झोपतो. अर्धीच घासलीत तर अर्धीच झोपाल."

"तोच तर प्रयोग आहे."

"या अल्ला," ती म्हणाली आणि डावा पाय चकचकीत करून गेली.

१५ जानेवारी, मंगळवार

निष्कर्ष: दोन्ही पाय रात्रभर जागे. शिवाय कडी बघायला उठले तेव्हा डावा पाय तुपावर घसरला. कडी लावलेली होती. उपाय अशास्त्रीय.

१७ जानेवारी, गुरुवार

आज खरा गुन्हेगार सापडला. गादी! चैतालीने दिवाळीत हौसेने आणलेली फोमची गादी, खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेली. ती बाजूला करून माळ्यावरची जुनी कापसाची गादी रिक्षात घातली आणि थेट अझीमभाईंच्या दुकानात गेले. कापूस पिंजून द्या म्हटलं. बोलता बोलता विषय वाढला. मी म्हणाले, "हा देश कापसावर झोपत होता. एक्क्याण्णव साली दारं उघडली आणि आपल्या पाठीखाली काय शिरलं? रबर! जो आपली पाठ परक्यांच्या हवाली करतो, तो ताठ कशाच्या जोरावर उभा राहणार?"

बोहारीण, दोन कॉलेजची मुलं, समोरचा किल्लीवाला, असे बरेच लोक जमले. एका गृहस्थांनी जागच्या जागी डबल गादी सांगितली.

अझीमभाई हात झटकत म्हणाले, "ताई, दर गुरुवारी येत जा. दुकानाला बरं आहे."

"गादी छान होईल ना? झोप लागेल?"

"गादीची गॅरंटी देतो. झोप तुमची तुम्ही आणायची."

व्यापारी माणूस. जबाबदारी घेत नाही.

१९ जानेवारी, शनिवार

गादी अप्रतिम झाली आहे. सावरीसारखी मऊ. मी आता अतिशय आरामात जागी असते.

२० जानेवारी, रविवार

आज जे झालं ते फक्त इथेच लिहिते.

येरवड्याला कार्यक्रम होता. सभागृह भरलेलं. मी रंगात आले होते. म्हणाले, "आणि म्हणून बंधूंनो आणि भगिनींनो, जो समाज स्त्रीच्या श्रमाला..." आणि पुढचा शब्द आला नाही. माझ्या डोक्यात शब्द रांगेत उभे असतात, मी फक्त दार उघडते. आज दार उघडलं तर बाहेर कोणीच नाही. मी पेला उचलला, सावकाश पाणी प्यायले, माइककडे पाहिलं. लोकांना वाटलं हा मुद्दाम घेतलेला विराम आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दुसरं एक वाक्य सापडलं आणि मी निसटले.

पण मला माहीत आहे. टाळ्यांनी मी फसणार नाही. निम्मी रात्र छताकडे बघत काढणाऱ्या डोक्याला शब्द सोडून जाणारच. दहा तारखेला असंच झालं तर? लोक हसतील याची भीती नाही. मी जे सांगायला जाते ते सांगायचं राहील, याची आहे. माझ्याकडे ना पैसा, ना पद. आवाज आहे आणि शब्द आहेत. ते गेले तर मी काय फक्त खुर्ची भरायला व्यासपीठावर बसू?

तिसऱ्या रांगेत रंगनाथच्या नेहमीच्या जागेवर एक अनोळखी गृहस्थ मोबाइलशी खेळत बसले होते. त्यामुळे लक्ष विचलित झालं असावं.

त्याचा फोन आला. "कसं झालं?" मी म्हणाले, "छान." तो म्हणाला, "गॅसचं बटण जरा सैल झालंय, नीट बघून बंद कर." हा माणूस भावनेचं काही बोलायचं म्हटलं की गॅसवर जातो.

२२ जानेवारी, मंगळवार

डॉ. शर्मिलाकडे गेले. ती आमच्या शाळेची विद्यार्थिनी. मी मुख्याध्यापिका असताना ती मला घाबरायची. आता मी तिच्या टेबलापाशी बोटं चाळवत बसते. गोळ्या देणार नाही म्हणाली. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. दुपारी आडवं व्हायचं नाही. सकाळी उठायची वेळ बदलायची नाही. आणि घड्याळाचं तोंड भिंतीकडे करायचं. हे सगळं पटलं.

मग तिने विचारलं, "बाई, जाग आली की काय करता?"

मी सांगितलं. कडी, गॅस, खिडकीचा बोल्ट, नळ, मग पुन्हा कडी.

"बाई, तुम्ही झोपायचा प्रयत्नच करत नाही आहात. तुम्ही पहारा देता आहात."

"वा!" मी म्हणाले. "निबंधात असं एक वाक्य लिहिलं असतंस तर तुझा पहिला नंबर आला असता."

"पण पहारा कशाचा, ते बघा."

"लोकशाहीचा!"

शर्मिलाने कपाळाला हात लावला. बहुधा तिलाही झोप कमी पडत असावी.

२६ जानेवारी, शनिवार

आज झेंडावंदनाला ओल्या साडीने गेले.

काल एक युक्ती केली. नळ उघडाच ठेवला आणि खाली बादली. म्हणजे पाणी आलं की बादलीत पडण्याचा आवाज होईल आणि आपोआप जाग येईल. सारखं कान देऊन पडायला नको. युक्ती इतकी उत्तम होती की पहाटेपहाटे मला खरोखर झोप लागली. नळ खोकला असेल, शिंकलाही असेल. मला पत्ता नाही.

दार धडाधड वाजलं तेव्हा मी घोट्याएवढ्या पाण्यात उतरले. दारात नसीम, हातात माझी डाव्या पायाची चप्पल.

"ताई, खडकवासल्याचे दरवाजे उघडलेत का? ही जिन्यावरून आमच्या दारात आली!"

अझीमभाई खराटा घेऊन धावले. मी फडकी पिळत होते, नसीम सुपलीने पाणी बाहेर लोटत होती. मधेच ती चप्पल पुन्हा वाहत निघाली तसं आम्हा तिघांना हसू फुटलं. पोटं दुखेपर्यंत हसलो. इतकं हसून मला महिना झाला होता.

चहा पिताना नसीम म्हणाली, "भाऊसाहेबांच्या राज्यात कधी थेंब सांडला नाही हो."

अझीमभाई म्हणाले, "मी पहाटे नमाजला उठतो ना, तेव्हा वर भाऊंच्या हंड्याचा आवाज यायचा. आमचा गजरच होता तो. हल्ली घड्याळ लावावं लागतं."

मी विचारलं, "रोज?"

"रोज. ताप असला तरी."

मला कायम वाटायचं, पाणी सकाळी भरलेलंच असतं. या विषयाची माहिती घेतली पाहिजे.

२ फेब्रुवारी, शनिवार

आज खराडीला आले. पाहणीसाठी. रंगनाथला जमतंय का ते बघायला.

दोन काचेच्या इमारतींच्या मधोमध अजून एक ज्वारीचं शेत उभं आहे, पाहुण्यांत अडकलेल्या गरीब नातलगासारखं. चैतालीचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. दार रंगनाथने उघडलं. खांद्यावर पंचा, पंच्यावर मित्रा, मित्राच्या तोंडात त्याच्या कानटोपीचा गोंडा.

"हळू बोल," तो म्हणाला. "आत्ता पेंगायला लागलीय." आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी हळू बोलायला सांगितलं, आणि मी बोलले.

संध्याकाळी तो खाली बागेत जातो म्हणे. तिथे आणखी तीन आजोबा बाबागाड्या घेऊन येतात, एक कानपूरचे, एक नेल्लोरचे, एक लुधियानाचे. चौघांचं हिंदी चार प्रकारचं. रंगनाथने त्यांना लंगोटाची त्रिकोणी घडी शिकवली. नेल्लोरचे आजोबा त्याला ‘मास्टरजी’ म्हणतात. चैताली सांगताना हसून बेजार झाली. मी इतकी भाषणं केली, पण चार पुरुषांना असं एका बाकावर लंगोट घेऊन बसवणं मला जमलं नव्हतं.

जेवण झालं. मुद्दे काढायला बसते आहे. त्याआधी जरा पाठ टेकते. शर्मिलाने दुपारी पडू नका म्हटलंय, पण पाच मिनिटांनी काय होतं.

३ फेब्रुवारी, रविवार

ती पाच मिनिटं आज सकाळी संपली.

संध्याकाळ, रात्र, काहीही कळलं नाही. उठले तर अंगावर दोन पांघरुणं, उशाशी पाण्याचा तांब्या, आणि डोकं धुतलेल्या पाटीसारखं. मी जाहीर केलं, "ही खराडीची हवा! उंचावर धूळ नाही, डास नाहीत."

चैताली कॉफी ढवळत म्हणाली, "आई, मागे काँक्रीटचा प्लँट आहे. हवा कसली घेऊन बसलीस? बाबा आहेत ना इथे."

"त्याचा काय संबंध?"

"मी काल कामावरून आले तेव्हा बाबांची फेरी चालू होती. मित्राच्या बाटल्या उकळल्या, गॅस बघितला, बाल्कनीचा बोल्ट बघितला, तुझं पांघरूण सारखं केलं. मग कडी लावून म्हणाले, ‘बरं झालं. आज सगळ्याजणी एका कडीच्या आत आहेत.’"

मी काही बोलले नाही. चैतालीने कॉफी खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

रंगनाथ दांडीवर लंगोट वाळत घालत होता. मी जाऊन उभी राहिले.

"तू हे घरी रोज करायचास?"

"कुणीतरी करायलाच हवं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"झोपलेल्या माणसाला उठवून काय सांगायचं? की मी जागा आहे?"

हातातला चिमटा लावून त्याने पुढचा लंगोट घेतला. मी अडतीस वर्षं गाढ झोपत आले आणि समजत होते की माझी प्रकृतीच चांगली आहे.

आमचं बोलणं चैतालीने ऐकलं असावं. म्हणाली, "आई, बाबांना घेऊन जा. मी बिनपगारी रजा घेते. नाही दिली तर सोडते नोकरी. दुसरी मिळेल."

मग मात्र माझा तोल गेला. मी स्वयंपाकघरातच भाषण केलं. म्हणाले, "माझी झोप माझ्या मुलीच्या नोकरीच्या मोबदल्यात? मला तसली झोप नको! तुझ्या आजीने दुसऱ्यांची अंगणं झाडून मला शाळेत घातलं, ते तू पाळण्यापाशी राजीनामा लिहावास म्हणून नाही. मी जागेन! दहा तारखेला उभ्या उभ्या कोसळले तरी चालेल, पण ही गोष्ट या घरात पुन्हा कोणी उच्चारायची नाही!" मित्रा जागी झाली आणि माझ्या हातवाऱ्यांकडे बघून खिदळायला लागली.

रंगनाथ म्हणाला, "झालं भाषण? आता ऐक. मी इथून हलत नाही. पण पहारा इथूनही देता येईल."

६ फेब्रुवारी, बुधवार

त्याची योजना अशी. रात्री मी अंथरुणावर जायच्या आधी त्याचा फोन येतो.

"कडी?"

"लावली."

"खिडकी?"

"लावली."

"गॅस?"

"थांब." मी जाऊन बघून येते. "बंद."

"मग झाल्या तुझ्या जबाबदाऱ्या. आता माझी पाळी. पाण्याला मी उठवतो."

पहाटे मित्राच्या बाटलीसाठी तो उठतोच. तेव्हा मला मिस्ड कॉल देतो. काल मी हौसेने फोन उचलला, तर ओरडला, "उचलायचा नाही, पैसे पडतात!" आणि ठेवून दिला. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, आणि खरंच, नळ खोकला. खर्जातला, वयस्कर माणसासारखा खोकला. मग हवा, मग पाणी. मी हंडा भरला. खालून अझीमभाईंचा आवाज आला, "भाऊ आले का?"

"नाही, मी आहे!"

"मग जपून हो ताई!"

मधल्या वेळात मी झोपले होते. कूस न बदलता.

११ फेब्रुवारी, सोमवार

कालचं लिहिते.

सभागृह भरलं होतं, खुर्च्या कमी पडल्या. मी टिपणं आणली होती. ‘जागतिकीकरण उशाशी बसलं आहे’ हे वाक्यही त्यात होतं. व्यासपीठावरून पाहिलं तर तिसऱ्या रांगेत रंगनाथ. कानटोपी घातलेला, मांडीवर शालीत गुंडाळलेली मित्रा, शेजारी चैताली. मी टिपणं पिशवीत परत ठेवली.

म्हणाले, "मित्रहो, आज एकच प्रश्न विचारते. तुमच्या घरात रात्री शेवटची कडी कोण लावतं?"

बरेच पुरुष छताकडे पाहू लागले आणि त्यांच्या बायका त्यांच्याकडे. मी म्हणाले, "ज्यांना उत्तर आठवावं लागतंय, ते लावत नाहीत." असा हशा पिकला की संयोजकांनी दचकून माइक तपासला.

मग मी सांगितलं. स्वयंपाक दिसतो, धुणं दिसतं, त्याची वाटणी मागता येते, आणि मागायलाच हवी. पण घर ध्यानात ठेवणं हेसुद्धा काम आहे. ते दिसत नाही, कारण ते ज्याच्यासाठी केलं जातं तो झोपलेला असतो. या देशात बहुतेक घरांत ते बाई करते, आणि तिचा नवरा सकाळी उठून म्हणतो की मला कसली काळजीच नाही. माझ्या घरात मात्र तो नवरा मी होते! डाव्या पायाला तूप लावून झोपेची वाट बघणारी, लोकशाहीचा पहारा देणारी, आणि प्रजासत्ताकदिनी स्वतःची चप्पल जिन्यावरून वाहून देणारी. मी नळाचा खोकलाही करून दाखवला. पहिल्या रांगेत नसीम अझीमभाईंच्या दंडावर चापट्या मारत हसत होती.

शब्द एकदाही अडला नाही. दार उघडलं की सगळे बाहेर उभे होते, आंघोळ करून. शेवटी मी म्हणाले, "आज घरी गेल्यावर भाषणं करू नका. फक्त आधी उठा आणि कडी लावा." लोक उभे राहिले. मित्रा अथपासून इतिपर्यंत झोपली होती.

बाहेर रंगनाथ तिला खांद्यावर घेऊन उभा होता. मी विचारलं नाही, पण त्याने अडतीस वर्षांत पहिल्यांदा मत दिलं.

"छान झालं. खोकला मात्र जमला नाही."

१७ फेब्रुवारी, रविवार, खराडी

यापुढे दर शनिवारी रात्री इथला पहारा माझा. असा ठराव मी मांडला आणि चैतालीने अनुमोदन दिलं. तिनेच सांगितलं की इथे आल्यापासून बाबा एकही रात्र सलग झोपलेले नाहीत. मित्रासाठी उठायचं, चैताली यायची वाट बघायची, आणि आता वर माझा मिस्ड कॉल.

काल अझीमभाईंची कापसाची गादी रिक्षाच्या टपावर बांधून आणली. त्यावर रंगनाथला झोपवलं. तो झोपेना. थोड्या वेळाने उठून बाटल्या बघून गेला. मग बाल्कनी बघून गेला.

"अरे, झोप ना!"

"कान जागे राहतात गं. सवय झालीय."

मी नसीमची काशाची वाटी पिशवीतून काढली. त्याचे दोन्ही पाय घासले. प्रयोग वगैरे काही नाही. तो संकोचाने पाय ओढून घेत होता, मी ओढून आणत होते. मग मी माझी पहिली फेरी केली. बाटल्या उकळल्या, बोल्ट पाहिला, मित्राचं पांघरूण सारखं केलं. चैताली परत आली, जेवली, झोपली. मी दिवा मालवला तेव्हा अंधारातून त्याचा आवाज आला.

"सुशीला, कडी?"

"लावली."

"गॅस?"

"बंद."

त्याने एक लांब श्वास सोडला, कुशीवर वळला आणि झोपला.

माझ्या चाळीस वर्षांच्या वक्तृत्वातलं हे सर्वांत छोटं भाषण. दोन शब्दांचं. माझ्यासमोर श्रोता झोपला, आणि मी अंधारात पाळण्याची दोरी हातात धरून एकटीच हसत बसले. आजवर कुठल्याही टाळ्यांनी मला इतकं सुख दिलेलं नाही.